करड्या स्कूटरची बॅकरेस्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. गाढवपणा माझा आहे, तेव्हा त्यावर हसायचा पहिला हक्कही माझा. चहा आला ना सगळ्यांचा? बरं, ऐका.

आमच्या बदलापुरात हल्ली माणसांपेक्षा स्कूटर जास्त झाल्यात. त्यातही जिकडे बघावं तिकडे करड्या. दुकानदार म्हणतो, "साहेब, मळ दिसत नाही," की घेतली करडी! गाडी धुवायचा कंटाळा म्हणून रंग निवडणारी जमात ही. आता माझीही करडीच आहे, नाही असं नाही. पण मी विचार करून घेतली होती. मळ दिसत नाही.

आणि चालवतात कशी? एकाचा मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये. दुसरा इंडिकेटर डावीकडचा देतो आणि वळतो उजवीकडे. हेल्मेट कोपरात अडकवून फिरतात, म्हणजे कोपर जपायचं, डोक्यात तसंही काही नाही! असली सगळी माणसं सकाळी मी स्टेशनला जायच्या वेळेलाच रस्त्यावर येतात. माझ्यावर खास राग असल्यासारखी.

माझी बायको वैशाली अंबरनाथला, बुवापाड्यातल्या शाळेत शिकवते. रोज सकाळी मी तिला मागे बसवून स्टेशनपर्यंत आणायचो, स्कूटर तिथल्या पार्किंगला लावायचो आणि दोघं आपापल्या कामाला जायचो. सगळं व्यवस्थित चाललं होतं. एक दिवस ती स्टेशनला उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उद्यापासून मी रिक्षाने येईन."

"शेअर रिक्षाने? अगं, ते मागे तीन कोंबतात आणि चौथा ड्रायव्हरच्या मांडीवर!"

"चालेल मला चौथी सीट. पण तुमच्या मागे नाही बसवत आता."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून बाई रिक्षाने! मी सिग्नलला उभा आणि बाजूच्या रिक्षात ही ड्रायव्हरला खेटून अर्धी बाहेर. वर माझ्याकडे बघून हात करते!

मला लागलं हो. लग्न झाल्यापासून ही बाई माझ्या मागे बसत आली. सकाळी आरशात तिचा अर्धा चेहरा दिसायचा, कपाळ आणि चष्मा. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. आता आरशात नुसता रस्ता. मला बाकी काही नको होतं, ती परत मागे बसायला हवी होती.

मग मी डोकं चालवलं. मागे बसवत नाही म्हणजे काय? सीट! सीट दबून पाटासारखी झाली होती, टेकायला काही नाही, पाय ठेवायला धड जागा नाही. ठरलं. गाडी अशी करून घ्यायची की बाईला सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तिला आधी सांगायचं नाही, थेट गाडीच समोर उभी करायची.

गाडीचं काही करायचं म्हणजे उल्हासनगर. तिथे स्कूटरला नवरीसारखी नटवतात. खाली निळे दिवे, मागे लाल दिवे, हँडलला झिरमिळ्या आणि ब्रेक दाबला की आरती! असल्या गाड्यांवर बसलेल्यांकडे बघून मला नेहमी वाटतं, हे घरी आरशात बघत असतील का? मला त्यातलं काही करायचं नव्हतं. मला करायचं होतं ते शास्त्रशुद्ध.

शनिवारी माझा हाफ डे. दुपारी बदलापूरला उतरलो. आता आमच्या पार्किंगची एक रीत आहे. तिथे हँडल लॉक करायचं नाही. केलंत तर पार्किंगवाला पप्पू तुमच्या सात पिढ्या उद्धरतो. कारण दिवसभर तो गाड्या सरकवत असतो. सकाळी दारात लावलेली गाडी दुपारी भिंतीला असते, भिंतीची दारात येते. तुम्ही उभं राहायचं, पप्पू ओढून देणार.

"काका, तुमची हीच ना करडी?" पप्पूने एक गाडी ओढून पुढे केली.

आता नंबर बघायचा होता, मान्य. पण स्वतःच्या गाडीचा नंबर कोण बघतं हो? घरी गेल्यावर तुम्ही बायकोचं आधार कार्ड बघता का? माझी चावी घासून घासून गुळगुळीत झालेली. लावली, फिरली, गाडी चालू झाली. अजून काय पुरावा पाहिजे?

निघालो. पहिल्याच वळणावर ब्रेक असा लागला की मी हँडलवरच आलो. माझ्या गाडीचा ब्रेक आज दाबला की उद्या लागतो. पण आदल्या आठवड्यात मी आमच्या मेकॅनिकला चांगला झापला होता. म्हटलं, बघा! ही माणसं शिव्या खाल्ल्याशिवाय काम करत नाहीत. पेट्रोलचा काटा फुलवर होता. मी तर थेंब भरला नव्हता. म्हटलं, काटा अडकला, कंपन्या हल्ली काटेसुद्धा धड बनवत नाहीत.

उल्हासनगरात सीटवाले सिंधी ईश्वरसेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांच्या कारागिराने सीट उघडली आणि दोन पावलं मागे सरकला. आत एक जांभळा रेनकोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत सुकट! चांगली किलोभर!

ईश्वरसेठनी नाकाला रुमाल लावला. "साईं, ये क्या मच्छी का गोदाम है?"

मी बघतच राहिलो. मला कोलेस्टेरॉल म्हणून घरात सोडे नाहीत, सुकट नाही, बोंबील नाही. दोन वर्षं दुधी खातोय मी! आणि ही बाई माझ्याच डिकीत सुकट लपवून फिरते? म्हटलं, वैशाली, संसार केला तुझ्याबरोबर, पण ओळखलं नाही तुला. रागाच्या भरात ती पिशवी मी दुकानामागच्या मांजरांना मोकळी करून दिली. मांजरांनी पाच मिनिटांत माझ्या अपमानाचा बदला घेतला.

"बोला साईं, काय बनवायचं?"

"मागे बसणाऱ्याला आराम पाहिजे. बायकोसाठी आहे."

"मग टेन्शन नको. अशी सीट बनवतो, भाभी उतरणारच नाही. खाली ब्लू लाइट टाकू?"

"लाइट नको."

"म्युझिकल हॉर्न? नया आया है."

"सेठ, मी माणसात राहतो."

मग मी स्वतः स्टूल घेऊन बसलो आणि करून घेतलं सगळं. जुना फोम काढून टाकला, नवा जाड फोम घातला, मागच्या बाजूला बसायला हलका खोलगट भाग ठेवला. वर खरबरीत रेक्झिन, म्हणजे ब्रेक मारला की बाई पुढे घसरायला नको. पाठ टेकायला गादीची बॅकरेस्ट, धरायला दोन्ही बाजूंना दांडे, पाय ठेवायला रुंद पायदान. पुढेमागे लोखंडी गार्ड. ते बोटाएवढे फॅशनचे आरसे काढून मोठे गोल आरसे बसवले. कारागिराला पुढे बसवून मी स्वतः मागे बसलो आणि दोन चकरा मारल्या. अहो, डोळा लागला असता! ईश्वरसेठ म्हणाले, "साईं, भाभी नशीबवान आहे." मी म्हटलं, "तिला कळलं तर ना."

संध्याकाळी मी बदलापूरला आलो तो राजासारखा. वैशालीची शाळेत मीटिंग होती, ती आता स्टेशनला येऊन रिक्षाच्या रांगेकडे जाणार. तिच्यासमोर गाडी उभी करायची आणि काही बोलायचं नाही, फक्त बॅकरेस्टकडे बोट दाखवायचं, असं मी अंबरनाथपासून घोकत आलो होतो.

पार्किंगच्या गेटवर ही गर्दी! मधोमध एक धिप्पाड बाई, पदर खोचलेला, आणि तिच्यासमोर पप्पू कान धरून उभा.

"माजी गारी ग्येली कुठं? दुपारपासून हितं उबी हाय मी! तू गाऱ्या सांबालतोस का म्हशी राकतोस रं?"

"काय झालं?" मी गाडीवर बसूनच एकाला विचारलं.

"भोईरताईंची स्कूटर चोरीला गेली."

आता तुम्ही सांगा, मी गप्प जायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण मला लोकांचा हा बेफिकीरपणा बघवत नाही. मी गाडी सरळ गर्दीच्या मधोमध नेली, स्टँडला लावली आणि तिच्यावर बसूनच सुरू झालो.

"ताई, रागावू नका, पण चूक तुमची आहे. सगळ्यांसारखी गाडी ठेवलीत की चोराला ओळखू येत नाही, पोलिसांना येत नाही आणि तुम्हाला पण येत नाही. जरा लक्ष द्यायला पाहिजे. आता ही माझी बघा! ही सीट बघा, ही बॅकरेस्ट. अशी गाडी कोणी नेऊन दाखवावी!"

लोक बघायला लागले. एकाने बॅकरेस्ट दाबून पाहिली. भोईरताईंनी गाडीला एक चक्कर मारली. मला वाटलं, कौतुक चाललंय. त्या मागच्या बाजूला थांबल्या.

"उतर."

"काय?"

"खाली उतर नि हितं मागं ये. नंबर वाच."

मी उतरलो, मागे गेलो आणि नंबर वाचला. माझ्या गाडीचा नंबर शून्याने संपतो. हा संपत नव्हता. मी परत वाचला. शून्य आलंच नाही.

"काका," पप्पूचा आवाज आला, "तुमची तर दुपारपासून तिकडे भिंतीला उभी आहे ना."

तिकडे खरंच माझी गाडी उभी होती. फाटकी, दबकी, सीटवर कावळ्याने प्रसाद दिलेला.

"चोर तो चोर," भोईरताई गरजल्या, "नि वर मलाच अक्कल शिकवतो! चल पोलिसात!"

"ताई, चोर गाडीला बॅकरेस्ट लावून परत आणून देईल का?"

"डिकीतली माजी सुकट कुठं हाय?"

मी म्हटलं, "मांजरांनी खाल्ली." त्यावर गर्दी जी हसली! जे लोक हसत होते ना, त्यांतले निम्मे तरी मी सकाळी रस्त्यात ज्यांना शिव्या घालतो तेच होते. ओळखले मी सगळे.

नेमकी त्याच वेळी वैशाली आली. गर्दी बाजूला करत आत शिरली, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, काय करून ठेवलंत?"

सगळं मीच सांगितलं. तिच्यासाठी केलं हेही सांगितलं. तिने भोईरताईंसमोर हात जोडले. "ताई, शिक्षा काय ती घरी होईल यांना. सुकट मी आणून देते. तुमची गाडी होती तशी करून देऊ."

ताई तोवर गाडीवर बसल्या होत्या. जरा वरखाली झाल्या. गोल आरशात स्वतःला बघून घेतलं. आवाज एकदम खाली आला. "आता ऱ्हाऊ दे. कंबरंला बरं वाटतं जरा. मॅडम, तुमी मागं बसून बगा, घट हाय का."

वैशाली मागे बसली. पाठ टेकली. पाय पायदानावर ठेवले. आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मी ते लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पाहिलेलं नाही.

"कुठं ऱ्हाता तुमी?" ताईंनी विचारलं. वैशालीने सांगितलं. "मंग माज्याच वाटंवर हाय. बसा, सोडते."

आणि गेल्या की दोघी! जाता जाता वैशाली मागे वळून म्हणाली, "अहो, येताना कोथिंबीर आणा." मी केलेल्या सीटवर, मी लावलेल्या बॅकरेस्टला टेकून, माझी बायको दुसऱ्याच्या मागे बसून गेली. तेव्हापासून रोज सकाळी ताई आमच्या गेटवर हॉर्न देतात आणि ही पर्स सावरत खाली पळते.

मी हार मानणारा नाही. पुढच्या शनिवारी माझी गाडी घेऊन, नंबर तीन वेळा वाचून, परत उल्हासनगर गाठलं. सगळं तेच, तसंच करायला सांगितलं. ईश्वरसेठ आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "साईं, भाभी दोन आहेत का?"

रविवारी सकाळी वैशालीच्या विनवण्या केल्या. एकदा, फक्त एकदा बस. बसली बिचारी. बॅकरेस्टला टेकली. मी आरशात पाहिलं, कपाळ आणि चष्मा! काय सांगू, भरून आलं मला.

मी आपला रमत गमत, सायकलच्या वेगाने चाललो होतो. पुढे एक शहाणा रस्त्याच्या मधोमध चाललेला. त्याला मी हात करून बाजूला काढला. एकाने वळताना इंडिकेटर दिला नाही, त्याला मागे वळून त्याची लायकी सांगितली. एक बाई फोनवर बोलत चालली होती, तिला हाताने खूण केली, की अगं बाई, मरशील. आमच्या पलीकडच्या नव्या टॉवरच्या बांधकामाजवळ आलो तेव्हा म्हटलं, "कशी आहे सीट?"

"एकदम छान."

"मग उद्यापासून?"

"उद्यापासून ताईच."

"अगं, पण सीट तीच आहे! फोम तोच, सेठ तोच!"

"सीटचं मी कधी म्हटलं होतं हो? तुम्हीच ठरवलंत. ताई कशा गप्प, समोर बघून चालवतात. तुमचं सगळ्या गावाशी भांडण. एक हात कायम हवेत असतो, मान मागे. मला भीती वाटते तुमच्या मागे."

मी? हा आरोप माझ्यावर? ज्याला अख्ख्या बदलापुरात गाडी चालवता येते अशा एकमेव माणसावर? मी पूर्ण मागे वळलो, दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "मी कधी सोडतो गं हँडल?"

टॉवरवाल्यांनी रस्त्याच्या कडेला वाळू टाकली होती. गार्ड उत्तम निघालं, गाडीला ओरखडा नाही. स्कूटर वाळूला टेकून उभीच राहिली आणि वैशाली मागे बॅकरेस्टला पाठ लावून, दोन्ही दांडे धरून, शांतपणे बसून होती. वाळूत फक्त मी होतो.