आप्पांची फुली

आप्पांना माणसाचं नाव आठवायला वेळ लागे, पण मतदार यादीतला त्याचा क्रमांक चटकन आठवे. बाजारात समोरून कुणी आलं की डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "तीनशे अठरा. बायको तीनशे एकोणीस. आई गेली, पण नाव अजून हाय." ज्याची आई गेली त्याला हे ऐकून काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात यायचा नाही. नाव कमी करायचा अर्ज खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि पुढं चालू लागायचे. गाव त्यांना यादीआप्पा म्हणे.

आमचं गाव भीमेच्या काठी, दौंड तालुक्यात. पण निम्म्या गावाच्या सोयरिकी नदीपलीकडं शिरूरच्या बाजूला. आप्पा रेल्वेत कीमन होते. रुळांच्या कडेनं रोज मैल न् मैल चालायचं आणि सैल झालेल्या चाव्या हातोडीनं ठोकून घट्ट करायच्या, हे काम त्यांनी उभं आयुष्य केलं. रिटायर झाल्यावर पायांची ती सवय सुटली नाही. रुळांच्या जागी गावातली घरं आली, एवढंच.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा हातांची हळदही उतरली नव्हती. आप्पा नात्यातले नव्हते, तरी आमच्या ओसरीत येऊन बसले आणि सासूबाईंना म्हणाले, सूनबाईचं माहेरच्या यादीतलं नाव कमी केलं का? सासूबाई हसल्या. म्हणाल्या, अहो, पोरगी अजून चूल कुठंय ते बघतेय, तुम्हाला काय घाई? आप्पा हसले नाहीत. "इथं आली ती राहायला आली ना? मग इथंच नाव पायजे," एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज भरून घेतला. रेशनकार्डावर माझं नाव चढायला वर्ष लागलं. मतदार यादीत ते आधी आलं.

या हट्टामागं काय होतं ते पुढं कळलं. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा सरला की कोकणाकडं उतरायचे. नावं लिहायला माणूस यायचा तेव्हा घराला कडी असायची. वडील म्हातारे होऊन गेले, पण त्यांचं नाव एकाही यादीत कधी आलं नाही. आप्पा हे एकदाच बोलले, तेही कुणाकडं न बघता. म्हणाले, "बाप पंच्याहत्तर वर्सं जगला. कागदाला म्हाईतच न्हाई."

नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या सरांनी जिल्हा परिषदेला उभं राहायचं ठरवलं. सर धोतर-टोपीतल्या पुढाऱ्यांपुढं अगदी साधे वाटायचे. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं. पैसा नाही, जीप नाही, म्हणून गावोगावी मंडळं उभी राहिली आणि आमच्या गावातलं मंडळ आप्पांनी बांधलं. दहा घरांमागं एक माणूस, आणि तो त्याच आळीतला. बायकांशी बायकांनीच बोलायचं. कुणाच्या दारात जेवणवेळेला जायचं नाही. मतदानाच्या दिवशी दारू प्यालेला माणूस केंद्राबाहेरच्या आपल्या टेबलावर बसणार नाही, मग तो माझा जावई का असेना, असं आप्पा बजावत. मी तेव्हा एसटी स्टँडजवळ शिलाईचं दुकान टाकलं होतं आणि त्यात नवी झेरॉक्सची मशीन बसवली होती. मंडळाची बैठक तिथंच भरायची. चिवडा कुणी घरून आणी, चहा कुणी सांगे, आणि आम्ही कापडाच्या ढिगावर बसून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहीत असू. माझ्या आयुष्यात मी कधी कशाची कार्यकर्ती झाले असेन तर ती तिथं.

आप्पांच्या यादीवर पेन्सिलीच्या तीन खुणा असत. आपल्या माणसापुढं बरोबरची खूण. ज्याचं काही सांगता येत नाही त्याच्यापुढं गोल. विरोधातल्या घरापुढं फुली. नवीन आलेल्या कार्यकर्त्याला वाटे, फुलीच्या घराकडं फिरकायचंच नाही. आप्पा त्याला आधी तिकडंच धाडत. "बरोबरवाला कुठं पळून चाललाय?" म्हणत, "फुलीच्या घरी दोनदा जा. मत न्हाई दिलं तरी चालंल. पण चिठ्ठी पोचली पायजे. मतदानाला माणूस आला पायजे." आणि खरंच, आप्पा फुलीच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही हाताला धरून केंद्रापर्यंत आणायचे. त्यावरून आमच्यातली पोरं चिडायची. आपण आपल्या हातानं विरोधकांची मतं नेऊन घालतोय, म्हणायची.

पहिल्यांदा सर पडले. दुसऱ्यांदा निवडून आले. त्या दिवशी सरांनी गुलालानं माखलेल्या हातांनी आप्पांचे पाय धरले ते मी पाहिलंय. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत सरांचं तालुक्याला कार्यालय झालं. त्यांचा पुतण्या ते बघू लागला. मंडळातल्या कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवलं, कुणाची विहीर मंजूर झाली. माझे मिस्टरही सरांच्या शब्दावर कुरकुंभच्या एका कंपनीत लागले. टेंपररी, पण लागले. पुढची निवडणूक जवळ आली तेव्हा पुतण्यानं निरोप पाठवला की सगळ्या गावांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आहेत, आप्पांची खुणांची यादी पाहिजे. आप्पांना केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांची पायपीट मशीनमध्ये जाणार. मूळ यादी ते हातची सोडणार नव्हते, म्हणून ती माझ्याकडं घेऊन आले. मी एकेक पान काचेवर ठेवून झेरॉक्स काढली. पेन्सिल फिकी होती, फुल्या नीट उठत नव्हत्या. तेव्हा मीच शाई वाढवून काही पानं परत काढली.

काही महिन्यांनी नवी यादी शाळेत लागली. आप्पा सकाळपासून तिच्यापुढं उभे होते. दुपारी दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग म्हणाले की एक्केचाळीस नावं गेली आहेत. बौद्धवस्तीतली बरीचशी घरं आणि वरच्या आळीतली तीन. माणसं जागच्या जागी आहेत आणि यादीत लिहिलंय, गाव सोडून गेले. त्यांनी जुनी यादी माझ्यापुढं उघडली. एक्केचाळिसांपुढं एक्केचाळीस फुल्या होत्या.

तालुक्याला जाऊन त्यांनी हरकतींचे कागद पाहिले. ही माणसं गावात राहत नाहीत, असं लिहून देणाऱ्या सह्या आमच्याच मंडळातल्या दोघांच्या होत्या. त्यातला एक आप्पांपुढं रडला. म्हणाला, पुतण्यानं गठ्ठा पुढं केला, मी वाचलंसुद्धा नाही.

आप्पांनी मला साक्षीला म्हणून सरांच्या घरी नेलं. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. याद्यांमध्ये अशा चुका होतच असतात, म्हणाले. आप्पा म्हणाले, "सर, चूक फुली बघून हुती व्हय? आमची यादी तुमच्या हापिसात गेली, ही झेरॉक्स काढणारी हितं बसली हाय." मग सरांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज वर्गात असायचा तसाच मऊ होता.

"ताई, मिस्टर परमनंट झाले का हो?"

मी मान हलवून नाही म्हटलं. सर म्हणाले, बघू, बोलतो मी. सरांच्या घरातल्या बाईंनी चहा आणला. मी तो प्यायले. आप्पांनी कपाला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर आप्पांनी तक्रारीचा कागद काढला. त्यांची सही आधीच होती. यादीची प्रत माझ्या दुकानात निघून सरांच्या कार्यालयात गेली, एवढं एक वाक्य मी खाली लिहून सही करायची होती. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. मी घरी विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती. दोन दिवसांनी आप्पा दुकानावरून गेले, थांबले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता पुढं गेले. पुन्हा त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. त्यांनी रागानं दोन शब्द बोलावेत म्हणून मी किती वाट पाहिली असेल.

नावं परत घालायला थोडेच दिवस होते. आप्पा एकटे अर्ज घेऊन वस्तीत गेले. नुसते अर्ज भरून घेतले असते तर लोकांनी उलट त्यांचे उपकार मानले असते. पण आप्पा प्रत्येक दारात आधी सांगत, तुमचं नाव माझ्यामुळं गेलं. हौसाबाईंच्या दारात काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. हौसाबाई म्हणजे वस्तीतलं वडीलधारं माणूस. दोन्ही मुलं नोकरीला, स्वतः मात्र मजुरीला जायची सोडली नव्हती. त्यांनी सगळं ऐकलं. नाव गेल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "म्हंजी आप्पा, तुमी आमच्या घरात बसून च्या घेतला, आन् भाईर जाऊन नावाम्होरं फुली मारली?"

आप्पा म्हणाले, "व्हय."

"किती वर्सं?"

"पहिल्यापासनं."

फुली ही त्या घरी जाण्यासाठी असते, वगळण्यासाठी नाही, हे आम्हाला इतक्यांदा सांगणाऱ्या माणसाला, ज्याच्या नावापुढं ती पडते त्याला काय वाटेल, हे तोवर सुचलंच नव्हतं. हौसाबाईंनी अर्जावर अंगठा दिला. वस्तीतल्या काहींनी दिला, काहींनी दार लावून घेतलं. एकानं आप्पांच्या हातातले अर्ज उडवून दिले. ते त्यांनी वाकून एकेक गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात परत गेले.

एकतीस नावं परत आली. दहा आली नाहीत, त्यात अर्ज देऊनही हौसाबाईंचं होतं. मतदानाच्या दिवशी तरीही त्या नवं लुगडं नेसून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना केंद्रातून माघारी पाठवलं. आप्पा शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. आमच्या टेबलावर नाहीत, समोरच्याही नाहीत. हौसाबाई बाहेर येताच ते घराकडं वळले. म्हणाले, तुमचं नाही तर माझंही नको. हौसाबाईंनी त्यांना भर रस्त्यात अडवलं. "एक मत गेलं ते गेलं. दुसरं कशापायी घालवताय? जावा आत," म्हणाल्या. आप्पा गेले. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मी आमच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होते.

सर आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. ती नावं राहिली असती तरी आलेच असते. आप्पांच्या तक्रारीचं पुढं काही झालं नाही, एका सहीवर काय होणार? पोरांनी आप्पांना मंडळातून काढलं असंही नाही. बैठक दुसरीकडं भरू लागली आणि त्यांना निरोप जाईना. माझे मिस्टर त्या दिवाळीत परमनंट झाले.

पुढं आप्पांचे गुडघे गेले. लेक शिरूरला दिलेली, ती त्यांना घेऊन गेली. जायच्या दिवशी जीप स्टँडवर थांबली होती. मी दुकानातून उतरून त्यांच्या पाया पडले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला. "मशीन झाकून ठेवत जा सूनबाई, धूळ लई हाय," म्हणाले. जीप नदीच्या पुलाकडं गेली.

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा सावडायलाही पोचता आलं नाही. त्या आठवड्यात मी हौसाबाईंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. आप्पा गेले, म्हणून सांगितलं. त्यांना कळलं होतं. मग मी एका दमात सांगून टाकलं. ती यादी माझ्या मशीनवर निघाली होती. फुल्या उठेनात म्हणून शाई मी वाढवली होती. आप्पांनी सही मागितली तेव्हा मी दिली नव्हती.

हौसाबाईंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "ठावं हाय की. गावात झेरॉक्सची मशीन एकच हुती."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला कधी काही बोलला का नाहीत?

त्यांनी निवडलेली मेथी पाटीत टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"आप्पा दारात आले, म्हणून त्यास्नी बोलता आलं. तू आलीसच न्हाई. तुला काय बोलणार?"

मी खाली बसले आणि त्यांच्यापुढची एक जुडी ओढून घेतली. त्यांनी ती काढून घेतली नाही.