पंच क्रमांक दोन

मी म्हसावदला मराठी शिकवतो. एकदा नववीच्या वर्गात पूरक वाचनाच्या गोष्टीत ‘ज्यूरी’ हा शब्द आला. मुलांनी अर्थ विचारला. मी फळ्यावर लिहिलं : ज्यूरी म्हणजे पंच. मग समजावून सांगितलं, की हे लोक न्यायाधीश नसतात, वकीलही नसतात. साधी माणसं असतात. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात, पुरावा डोळ्यांनी पाहतात आणि मग दोषी की निर्दोष ते सांगतात. आपल्याकडेही पूर्वी ही पद्धत होती, पुढे बंद झाली. क्रिकेटमधला पंच आणि पाड्यावर भांडण मिटवायला बसणारे पंच, दोघांचीही उदाहरणं दिली. तास छान झाला असं मला वाटलं. पंचाचा आणखी एक अर्थ मी सांगितला नाही. तो तेव्हा माझ्या ध्यानातच आला नाही, आणि त्याच अर्थाने मी तीन आठवड्यांपूर्वी पंच होऊन बसलो होतो.

झालं होतं असं. सकाळी शाळेत जाताना मी फाट्यावर चहाला थांबलो. ओळखीचे हवालदार तिथे आले. म्हणाले, “सर, पंच म्हनीसन एक सही करी द्या. शिकेल मानूसनी सही चांगली ऱ्हास.”

एका शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली होती. ती शेतावर राहणाऱ्या रखवालदाराच्या झोपडीमागे, गवताच्या ढिगाखाली सापडली होती. हा रखवालदार सातपुड्यातला, वरच्या पाड्यावरचा. शेत फाट्यापासून फार तर दहा मिनिटांवर होतं. मी घड्याळ पाहिलं. परिपाठाची वेळ झाली होती. चहाच्या टेबलावरच मी पंचनाम्याची चार पानं उलटली आणि ‘पंच क्रमांक दोन’ असं छापलं होतं तिथे सही केली. सहीच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, की आरोपीने आम्हा पंचांसमक्ष गवत बाजूला करून मोटर काढून दिली. ते मी वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ज्यूरीचा तो तास झाला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, एक बाई आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती, हातात कागदाची घडी होती. ती रखवालदाराची बायको होती. नवरा तुरुंगात होता. वकिलाने तिला कागद वाचून दाखवला होता आणि त्यात माझं नाव निघालं होतं.

“तू पंच शे ना?” तिने विचारलं. घरी ती पावरी बोलत असणार. आमच्याशी ती अहिराणीत बोलली, आणि त्यांच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं मलाही ‘तू’ म्हणाली.

मी हो म्हणालो.

“मंग बठ. ऐक.”

ती खाली बसली. मीही बसलो. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मालक दोघे भाऊ, त्यांच्यात वाटणीवरून वाद. धाकट्यानेच मोटर काढून तिच्या नवऱ्याला सांभाळायला दिली, गवताखाली झाकून ठेव म्हणाला. थोरल्याने तक्रार दिल्यावर धाकटा गप्प बसला. ती घाई न करता बोलत होती. पंचासमोर बोलावं तसं नीट, एकेक गोष्ट सुटी करून. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “आते त्या धाकलाले बलाव. त्यानं भी ऐक.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती रडायला किंवा विनवायला आलीच नव्हती. मी निवाडा करणारा माणूस आहे असं समजून ती आपली बाजू मांडायला आली होती. वर्गात मी सांगितलेला अर्थ तिला वर्गाशिवायच ठाऊक होता.

“बाई, मी तसा पंच नई शे,” मी म्हणालो. “मी फक्त सही करनारा.”

तिला ते कळेना. “मोटर काढी तवय तू डोयानी देखं का?”

मी आत वळून पाणी मागितलं. माझ्या बायकोने ते आणून दिलं. ते तिने घेतलं नाही.

“मंग तू कसाना पंच?” असं म्हणून ती उठली आणि चालत गेली. पोलीस ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगावं, असं त्या दिवशी मनात आलं. सोमवारी वाटलं, परवा जाऊ. मग परीक्षा आल्या. नवरा पुढे जामिनावर सुटला, पण रखवाली गेली होती आणि झोपडी मोडली होती.

दीड वर्षाने मला समन्स आलं. साक्षीच्या पिंजऱ्यात मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, पंचनामा तुमच्या समक्ष झाला का? मी म्हणालो, “हो.”

ते ‘हो’ माझ्या तोंडून अगदी सहज निघालं.

मग आरोपीच्या वकिलाने विचारलं, “गवताचा ढीग झोपडीच्या कोणत्या बाजूला होता?”

मी म्हणालो, मागे.

“झोपडीचं दार कुठल्या दिशेला होतं, सर?”

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. मागच्या बाकावर नवराबायको बसले होते. खोटं सांगायला लागणारी माहिती माझ्याकडे नव्हती. मी म्हणालो, “मी तिथे गेलो नव्हतो. सही फाट्यावर केली.”

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. “शिक्षक आहात ना आपण?” एवढंच विचारलं. मी मान हलवली.

तो सुटला. कोर्टाबाहेर कुणीतरी माझी पाठ थोपटली, खरं बोललात म्हणून. मी खरं बोललो होतो ते पकडला गेलो म्हणून. दार उत्तरेला की पूर्वेला, हे मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी काय बोललो असतो, ते मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात नंदुरबारला, मिरची वाळत घालतात त्या पथारीवर ती बाई दिसली. बायकांच्या ओळीत बसून देठं खुडत होती. तिनेच मला ओळखलं. तोंडावरचा पदर काढून शेजारणींना काहीतरी सांगू लागली. बोलणं पावरीत होतं, पण त्यात ‘पंच’ ऐकू आलं आणि बायका माझ्याकडे आदराने पाहू लागल्या. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “तू खरं सांगं, म्हनीसन तो घर उना.”

मी तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. मी विचारलं, नवरा कसा आहे. ती म्हणाली, ऊसतोडीला गुजरातला गेलाय. मग मी रिक्षा थांबली आहे असं म्हणालो आणि निघालो. रिक्षा थांबलेली नव्हती.