सतोपंथची तयारी

हा किस्सा सांगायचा नाही म्हणून मी शपथ घेतली होती. पण सूनबाईनं दौत आणून पुढ्यात आपटली. म्हणते, "मामंजी, येईल तो पाहुणा हेच विचारतो. एकदा लिहून टाका, म्हणजे दर वेळचा माझा चहा वाचेल." घ्या! सासऱ्याच्या अब्रूपेक्षा चहा महाग! माझं शिक्षण म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. अक्षर लागलं नाही तर तिला जाऊन विचारा.

काशीत ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी आळीत सगळे वेदमूर्ती, मी एकटा आचारी. बद्रीनाथाहून कुणी परतलं की मावंद्याचा स्वयंपाक माझ्याकडे. पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी बर्फ! मी वाढता वाढता विचारायचो, "अहो, पण असतो कसा तो बर्फ?"

"पाहिल्याशिवाय कळायचं नाही, गोविंदा. तूप वाढ."

वीस वर्षं हेच. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, बद्रीनाथच काय, त्याच्याही वर सतोपंथचं तळं आहे, जिथून पांडव स्वर्गाला गेले म्हणतात, तिथवर जातो आणि बर्फ मुठीत धरून बघतो!

मग काय विचारता! स्वयंपाकघरात भुईवर पिठानं नकाशा काढला. हरिद्वारपर्यंत इंग्रजाची आगगाडी, पुढे सगळं पायी. देवप्रयागला पाटा, जोशीमठाला वरवंटा, सतोपंथला उखळ. बायको सगुणा उखळाकडे गेली की मी ओरडायचो, "अगं, हिमालय तुडवू नकोस!" छावणीच्या बाजारातून गोऱ्या सोजिराचे उतरलेले बूट आणले, तळाला हे एवढाले खिळे.

"ते कातडं घरात आणाल तर मी घराबाहेर," सगुणा म्हणाली.

बूट जिन्याखाली गेले. पण रोज पहाटे ते घालून, पाठीवर तांदळाचं पोतं बांधून मी घाटाच्या पायऱ्या चढायचो. मल्लाह नावेतून ओरडायचे, "का गुरू, पगला गइला का?" मी म्हणायचो, जळा लेको! धाप लागायची, गुडघे कटकट वाजायचे, पण ते कुणाला सांगतो मी?

बरोबर आळीतला माझा मित्र केशव यायचा होता, त्याची आई आणि आणखी चार बायका. निघायच्या आदल्या दिवशी बालाजी घाटावर यात्रेचा संकल्प. केशव म्हणाला, "मोठ्या छत्रीखाली ये. उशीर करू नकोस."

उशीर झाला. सातूचं पोतं फुटलं, ते शिवत बसलो. धावत घाटावर गेलो तर मोठ्या छत्र्याच दोन! एकीखाली माणसं हातात पाणी घेऊन तयार बसलेली. घुसलो, बसलो.

बघतो तर रांगेत सगळे सत्तरीच्या पुढचे! माझा ऊर भरून आला. या वयात हिमालय! शेजारी एक बोळकं तोंड होतं. त्याला विचारलं, "आजोबा, बूट घेतलेत का?"

"आता बूट कशाला, बाबा? अनवाणीच जायचं."

"आणि सामान?"

"काही न्यायचं नसतं रे."

मी गार! माझा एकट्याचा सातू वीस शेर. "बरं, परत कधी यायचं ठरलंय?"

"परत?" म्हातारा हसला. "यायचं नाही म्हणूनच तर इथे बसलो."

वा रे हिंमत, म्हटलं. हे तर थेट पांडवांच्या वाटेनं निघालेत!

तेवढ्यात संकल्प सांगणारे आमच्या आळीतले शास्त्रीबुवा माझ्यापाशी आले. कपाळाला आठी. "गोविंदा, तू? पक्का विचार केलास?"

"वीस वर्षं केलाय!"

"यातून मागे फिरता येत नाही."

"मागे फिरेल तो दुसरा!"

"घरच्यांची संमती आहे?"

"घरच्यांना कोण विचारतो? तुम्ही मंत्र म्हणा!"

त्यांनी म्हटले. संस्कृत मला किती कळणार? मी घसा ताणून म्हणत गेलो आणि पाणी सोडलं. मग एकेक जण येऊन माझ्या पाया पडायला लागला. कुणी गळ्यात हार घातला. कुणी म्हणालं, "अजून पन्नाशी नाही, आणि केवढं हे वैराग्य!" मी आणखी फुगलो. म्हटलं, "हे काहीच नाही! उद्या निघतो, ते सतोपंथ गाठल्याशिवाय थांबत नाही!"

शास्त्रीबुवांच्या हातातली पळी खाली पडली. "निघतो? कुठे? अरे, क्षेत्रसंन्यास घेतलास तू! मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडणार नाही, अशी गंगेसमोर शपथ घेतलीस!"

ते म्हातारे काशीत मरायला आले होते हो! यात्रेचा संकल्प दुसऱ्या छत्रीखाली चालला होता. तिथून केशव तोंड वासून बघत होता.

मी त्याच्यावर धावलो. "मला हाक मारायला काय झालं होतं?"

"मारणार होतो रे!" केशव रडकुंडीला आला. "पण वहिनी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, बसू द्या तिथेच. आपल्या आळीच्या पायऱ्या चढताना भिंत धरतात, हिमालयात काय धरणार?"

मी वळून बघितलं. सगुणा शांतपणे पदर खोचत होती. म्हणाली, "एवढा सातू वाया कशाला घालवायचा? मी जाऊन येते केशवभावजींच्या आईबरोबर."

आणि गेली! जिन्याखालचे बूट काढले, आत चिंध्या कोंबल्या, आणि जे कातडं घरात चालत नव्हतं ते घालून टकाटक बद्रीनाथाला गेली. तिथून सतोपंथलाही! मी इथे दोन महिने उखळाकडे बघत बसलो.

परत आली, तेव्हा मावंद्याचा स्वयंपाक कुणी केला? मीच! पंगतीत मधोमध ही बसलेली, नाक उन्हानं सोललेलं. सगळ्यांसमोर विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. हळूच म्हटलं, "अगं, कसा असतो तो बर्फ?"

"पाहिल्याशिवाय कळायचं नाही हो," ती म्हणाली. "तूप वाढा."

वाढलं. काय करतो!

तीस वर्षं झाली. पलीकडच्या तीरावर रामनगर आहे, तिथेसुद्धा मला जाता येत नाही. केशवानं माफी मागितली, शास्त्रीबुवांनी मागितली, तो बोळक्या तोंडाचा म्हातारासुद्धा जाण्याआधी हात जोडून गेला. एकच माणूस बाकी आहे. आत्ता ते माझ्या खांद्यावरून हे वाचतंय आणि हसतंय. नाव लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे तरी कुणी जाब विचारील: सौभाग्यवती सगुणाबाई.