पांढऱ्या जहाजावर वाटून खाल्लेला भात

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. चिखलात बोट रुतवावं तसा. मग त्यांनी छातीवर मशीन फिरवलं, पडद्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "बेरीबेरी है. दिल का साइज बढ़ गया है."

मी आठवी शिकलेला माणूस. बेरीबेरी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. हृदय मोठं झालं म्हणजे आता किती दिवस उरले, एवढंच डोक्यात आलं. विचारायची हिंमत झाली नाही. विचारल्यावर मार बसतो, अशा जागेतून मी दोन दिवसांपूर्वीच सुटलो होतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीचा, तळ्यांच्या मुलखातला. घरी धानाची शेती आहे. नागपूरच्या हॉटेलांत स्वयंपाक शिकलो, तिथून मुंबईला गेलो आणि पुढे एका छोट्या मालवाहू जहाजावर कुक लागलो. लढाई चालू असलेल्या एका देशाच्या किनाऱ्याजवळ तिथल्या सैन्याने आमचं जहाज पकडलं. शत्रूचा माल नेता म्हणाले. आमच्याकडे बंदूक कुठली! तरी युद्धकैदी सैनिकांसोबतच आम्हालाही कैदेत टाकलं. बरेच महिने गेले. मग कैद्यांची अदलाबदल झाली आणि सुटलेल्या सगळ्यांना आपल्या नौसेनेच्या रुग्णालय-जहाजावर आणलं. पांढरं जहाज, अंगावर लाल क्रॉस. आत एक्स-रे, ऑपरेशनची खोली, रांगेने पलंग, सगळं काही.

हे मी लिहितो ते उपासमारीतून परत येणाऱ्यांसाठी. आणि त्याहून जास्त, त्यांना जेवू घालणाऱ्यांसाठी.

बेरीबेरी म्हणजे थायमिन नावाचं जीवनसत्त्व अंगात संपणं. कैदेत आम्हाला नुसता पांढरा भात मिळायचा, तोही थोडा. थायमिन असतं तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात, म्हणजे कोंड्यात. आमच्याकडे तो कोंडा बैलाला घालतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आमचा बैल आठवला. कैदेत माझे पाय सुजले होते, तळव्यांना मुंग्या यायच्या, आडवं झालं की दम लागायचा. मला वाटायचं, चालणं नाही म्हणून होत असेल. तुम्हाला असं काही झालं तर वाटत बसू नका, दाखवा.

मला थायमिनची इंजेक्शनं सुरू झाली. माझ्या रांगेत आम्ही चौघं होतो. मी, आमच्याच जहाजावरचे दोन खलाशी आणि सारंगचाचा. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. चाचा रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. आमच्यात सगळ्यात जास्त हाडं त्यांचीच दिसत होती. तरी जीभ शाबूत. मला म्हणायचे, "तळ्यातला माणूस तू, तुला समुद्रावर कोणी बोलावलं होतं?"

आता मुख्य गोष्ट सांगतो. 

कैदेत आमच्या कोठडीला भाताचं एकच भांडं यायचं. मी कुक, म्हणून वाढायचं काम माझ्याकडे. मोजायला डब्याचं एक झाकण होतं. नियम चाचांनीच लावला होता. ज्याची तब्येत सगळ्यात खराब, त्याला आधी आणि एक झाकण जास्त. वाढणारा शेवटी. या नियमावर आम्ही चौघंही जिवंत राहिलो. कोणी कोणाच्या घासावर डोळा ठेवला नाही.

पांढऱ्या जहाजावर पहिल्यांदा जेवणाचे ट्रे आले तेव्हा मला धक्का बसला. चार-पाच चमचे खिचडी, थोडं दूध, बस. प्रत्येक ट्रेवर पलंगाचा नंबर. माझ्यातला कुक दुखावला. एवढं मोठं जहाज, आणि उपाशी माणसाला एवढंसं? आमच्याकडे आजारी माणसाला पेजसुद्धा गंज, म्हणजे पातेलं भरून देतात.

ट्रे देणारा पुढच्या वॉर्डात गेला की मी उठायचो. भिंतीला धरून जायचो आणि आम्हा तिघांच्या ट्रेमधलं बरंचसं चाचांच्या ट्रेमध्ये घालायचो. खलाशी स्वतःहून ट्रे पुढे करायचे. चाचा म्हणायचे, "अरे पुरे, इथे काय आपल्याला कोणी उपाशी मारणार आहे का?" मी म्हणायचो, "नियम तुमचाच आहे न जी." मग ते खायचे. डोळे मिटून खायचे. रिकामे ट्रे परत जायचे आणि चौघांच्या कागदावर लिहिलं जायचं, पूर्ण खाल्लं.

दोन दिवस असं चाललं. त्यातच एकदा घरी फोन लावून दिला. माय रडत होती. मग तिने विचारलं, "जेवला का बाबू?" मी म्हटलं, "हो माय, पोटभर." ते खोटं होतं. पण चाचा पोटभर जेवले होते आणि मला त्याचाच आनंद होता.

तिसऱ्या सकाळी चाचांना दम लागला. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून भलतंच नाव घेतलं. हात थरथरत होते. छातीला लावलेल्या मशीनचा आवाज घोडा उधळल्यासारखा झाला. डॉक्टर, नर्स, सगळे धावले. पडदा ओढला.

पडद्यामागून डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं. "चार्ट के हिसाब से तो बहुत कम खाया है. इतने से ऐसा नहीं होना चाहिए. इन्फेक्शन देखो, फेफड़े देखो." रक्त घेतलं. एक्स-रेचं मशीन ढकलत आणलं.

मी पलंगावर बसून ऐकत होतो. खाण्याचा आणि या दम लागण्याचा काही संबंध आहे, हे त्या बोलण्यावरूनच मला पहिल्यांदा कळलं. आणि चार्टवर लिहिलेलं खोटं आहे, हे त्या जहाजावर आम्हा चौघांनाच माहीत होतं. दोघे खलाशी माझ्याकडे बघत होते. एकजण हळूच म्हणाला, "गप बैस. आपल्यालाच धरतील."

कैदेत एकदा शेजारच्या कोठडीतल्या एकाने दुसऱ्या कोठडीतल्या माणसाला आपला भात दिला होता. तो सापडला. त्या सगळ्या कोठडीला दोन दिवस अन्न मिळालं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेच होतं.  इथले लोक तसे नाहीत हे दिसत होतं, पण अंगाला कोण समजावणार?

एक नर्स मॅडम रिकामा ट्रे उचलायला आल्या. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या होत्या, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, हे पहिल्याच दिवशी बोलण्यातून निघालं होतं. माझा चेहरा बघून थांबल्या.

"काहून जी, घाम काहून येऊन राहिला? छाती दुखते का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग? बोला न. मले सांगा."

"मॅडम, जेवण..." एवढंच निघालं.

"काय जेवण? उलटी झाली का?"

"आमचं जेवण चाचानं खाल्लं. चौघांचं. मीच वाढलं. दोन दिवसांपासून."

त्यांनी ट्रे खाली ठेवला. ओरडल्या नाहीत. "किती? अंदाजे नका सांगू जी, पुरतं सांगा. सकाळी किती, दुपारी किती?"

मी सांगितलं. वाढण्याचा हिशेब माझ्या हाताला पाठ होता. कोणाच्या ट्रेमधून किती चमचे, दूध किती वाट्या, सगळं. त्या पडद्यात गेल्या.  मग डॉक्टरांचा आवाज आला, "फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम, अभी भेजो. फीड बंद."

याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी नंतर मला पलंगाशी बसून समजावलं. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या अंगात फॉस्फेट, पोटॅशियम असे क्षार संपत आलेले असतात. एकदम भात, दूध, साखर गेली की शरीर ते पचवायला उरलेले क्षार रक्तातून ओढून घेतं. मग हृदयाला काही उरत नाही. त्याचा ठोका चुकतो, ते थांबूही शकतं. म्हणून पहिले दिवस चमच्याने मोजून द्यायचं आणि रोज रक्त तपासायचं. ते म्हणाले, "हम कंजूस नहीं थे, भाई."

मी विचारलं, "सर, चाचा मरतील का?"

"अभी नहीं कह सकता. तुमने बता दिया, अब सही चीज़ का इलाज हो रहा है." मग ते म्हणाले, "गलती हमारी भी है. थाली नापी, खाने वाले को देखा नहीं."

त्यानंतर जेवताना प्रत्येक पलंगाशी एकजण बसायला लागला. आमचंही रक्त पुन्हा तपासलं, कारण आमच्या कागदावरही खोटंच होतं.

पुढचे चार दिवस मी त्या पडद्याकडे बघत काढले. मशीनचा आवाज बदलला की मी उठून बसायचो.  नर्स मॅडम येता-जाता सांगायच्या, "पोटॅशियम चढून राहिलं," किंवा "आज थोडं कमीच आहे जी, पण घाबरू नका." खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही. त्याचाच धीर वाटला.

माझी सूज मात्र उतरत होती. एका सकाळी मी स्वतः नडगी दाबली, खड्डा लगेच भरून आला. आनंद व्हायला पाहिजे होता. मी चादर ओढून घेतली.

पाचव्या दिवशी पडदा सरकला. चाचा टेकून बसले होते. नाकात नळी. माझ्याकडे बघून खरखरीत आवाजात म्हणाले, "काय रे कुक, मला वाढून वाढून वरच पाठवत होतास की!" दोघे खलाशी हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि म्हणाले, "सोड. गुदगुल्या होतात."

बंदरावर उतरल्यावर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. चाचा रत्नागिरीला, मी सानगडीला. माझ्या पायांतल्या मुंग्या अजून गेल्या नाहीत. नसा सावकाश बऱ्या होतात म्हणतात. हृदय किती आटोक्यात आलं ते बघायला भंडाऱ्याला इको करायला जावं लागतं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

परवा तिथल्या बाकावर माझ्या नंबराची वाट बघत बसलो होतो. फोन वाजला. चाचांची मुलगी. आम्ही कधी बोललो नव्हतो.  वाटलं, चाचा गेले. दुसरं वाटलं, मीच त्यांना जास्त वाढलं हे हिला कळलं, आता जाब विचारणार.

तिने दुसरंच विचारलं. म्हणाली, "अब्बांनी सगळं सांगितलंय मला. घरी पाहुण्यांची रीघ लागलीये. जो येतो तो डबा घेऊन येतो, आणि यांनाही नाही म्हणवत नाही. मी ओरडले तर म्हणतात, माझा कुक सांगेल तेवढंच खाईन. तर भाऊ, यांना किती वाढू?"

 

"माझ्या मनानं मी नाही सांगणार ताई," मी म्हटलं. "त्यांना जहाजावर किती खायचं ते लिहिलेला एक कागद दिला आहे. तो काढा."

तिने कागद आणला. एकेक ओळ ती वाचत गेली, मी ऐकत गेलो. जिथे तिला कळेना तिथे मी म्हटलं, तिथल्या डॉक्टरांना विचारा, अंदाज करू नका. मागून चाचांचा आवाज येत होता, "एवढंसंच?" ती त्यांना म्हणाली, "एवढंसंच."

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठलो नाही. मी कंपाउंडरला हात करून म्हटलं, माझ्यामागच्या माणसाला घ्या, आणि कागद संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.