बोरीच्या कुंपणापलीकडची बकरी

इंझोरीच्या पलीकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती घर आमचं एकच. बाबा मिशनच्या शाळेचे मास्तर, म्हणून आई गावाची मास्तरीन. शेजारी कुणब्याचं मोठं खटलं, आणि दोन्ही अंगणांच्या मध्ये बोरीच्या काट्यांचं कुंपण. त्या घरची म्हातारी विटाळाच्या बाबतीत भलती कडक होती. आमची कोंबडी तिकडे गेली तरी अंगण सारवून काढायची.

तरी ते दिवस आठवले की जीव हळवा होतो. पहाटे पलीकडून म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या यायच्या आणि अलीकडे आई चूल पेटवता पेटवता उपासनेतलं गीत गुणगुणायची. दोघी एकमेकींचं गाणं रोज ऐकत असणार. बोलायच्या मात्र कामापुरतं.

एका उन्हाळ्यात म्हातारीला नातू झाला. सुनेला दूध उतरेना. गाईचं दूध पाजलं की पोर लगेच ओकायचं. दिवसभर त्याचं रडणं कुंपणातून ऐकू यायचं, मग ते रडणंही बारीक होत गेलं. ते ऐकता ऐकता आईची भाकरी तव्यावर करपायला लागली. बकरीचं दूध अंगी लागलं असतं, पण त्या दिवसांत गावात ताजी व्यालेली बकरी एकटी आमचीच.

आईनं लोटाभर दूध काढलं आणि कुंपणाच्या फटीशी नेऊन ठेवलं. म्हातारी आली, लोट्याकडे बघत उभी राहिली.

"तुमच्या हातचं कसं चालन, मास्तरीन?" म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत परत गेली.

लोटा तिथंच राहिला. दूध मांजरानं प्यायलं. माझा धाकटा भाऊ त्या दिवशी कोऱ्या चहात भाकर बुडवून जेवला होता. माझं तर डोकंच फिरलं. मरू दे त्यांचं पोर, असं मी बोलून गेले, तर आईनं अशी पाठीत घातली की अजून आठवते.

शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी हे बाबा दर रविवारी फार छान समजावून सांगत. ते टोपी घालून निघाले. "मी जाऊन त्यांना समजावतो."

"तुमचं समजावनं होयेपर्यंत लेकरू थांबन काय?" आई म्हणाली, आणि गोठ्यात जाऊन तिनं बकरीच सोडली. पिल्लू मागोमाग आलं.

फटीशी जाऊन तिनं म्हातारीला हाक मारली. "माय, बकरीच घेऊन जा. तुमच्या दाव्याले बांधा, तुमच्या हातानं दूध काढा, तुमच्याच गंजात. मंग तर चालन ना?"

"अवं, पन तुयी लेकरं?"

"माही लेकरं भाकर खातात. त्याले दातच नाहीत."

आईनं दोर जमिनीवर ठेवला आणि ती मागं सरकली. म्हातारीनं तो उचलला. पलीकडे गेल्यावर बकरीवर गोमूत्र शिंपडलं, तेव्हा बकरीनं अशी काही मान झटकली की आई तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी रिकामा गोठा पाहून मी रडले.

पोर जगलं. चांगलं बाळसं धरलं त्यानं. श्रावणात त्याला गाईचं दूध पचायला लागलं आणि बकरी घरी आली, पण तिला दोन घरांची सवय झाली होती. रोज फटीतून पलीकडे जायची आणि म्हातारी तिला परत आणून आमच्या खुंट्याला बांधायची. आईशी दोन शब्द बोलायची, नातवाचं कौतुक सांगायची. मग घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची. तिची न्हाणी कुंपणालगतच होती. दगडावर पाणी पडल्याचा आवाज आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आई म्हणायची, "येते तर खरी. पान्याचं तू कायले मनावर घेतं?"

भाद्रपदात आईला हिवतापानं धरलं. बाबा सभेसाठी वाशीमला गेलेले. आई शुद्धीत नव्हती, चूल थंड होती, आणि भावाला मांडीवर घेऊन मी नुसती बसून होते. दिवेलागणीला म्हातारी बकरी घेऊन आली. दारातून आत बघितलं. दोर तिच्या हातून सुटला.

"काहून सांगितलं नाही वं पोरी?"

उंबरा ओलांडून ती आत आली. आमची चूल पेटवली, बकरीचं दूध आमच्याच भांड्यात काढून तापवलं, आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. आईनं डोळे उघडले, घाबरून बाजूला व्हायला लागली.

"माय, मले शिवू नका..."

"चूप राह्य. तुयाच बकरीचं हाय. मुकाट्यानं पी."

आम्हा दोघांना जेवू घालून, आईला घाम फुटून ताप उतरल्यावर ती घरी गेली. मी अंगणात जाऊन कुंपणाशी उभी राहिले. न्हाणीतल्या पाण्याच्या आवाजाची वाट पाहत खूप वेळ थांबले.

पलीकडे म्हातारी नातवाला थोपटत होती. पाण्याचा आवाज काही आला नाही.