समोरच्यांचे साहेब

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आपल्या सशाला साहेब म्हणतात. साहेब कुरतडत नाहीत, साहेब 'घेतात'. "आज साहेबांनी चार्जरची वायर घेतली, मग थोडी केरसुणी घेतली," असं ते लिफ्टमध्ये सांगतात, तेव्हा आवाजात नातवाच्या मार्कांचा अभिमान असतो. मी आपला "वा, वा" म्हणतो. आमचे चिरंजीव ताटातली भेंडीसुद्धा घेत नाहीत.

यंदा गणेश चतुर्थीला गुरुजी आमच्याकडे पूजेला बसले आणि बघतात तर परातीतल्या दूर्वा गायब! दार उघडंच होतं. परातीशेजारी बसून साहेब शेवटची काडी चावत होते.

"दूर्वांशिवाय कसं व्हायचं? मला पुढची घरं आहेत," गुरुजी म्हणाले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खाल्ल्या होत्या.

समोरचे धावत आले. साहेबांना काखोटीला मारून घरी गेले आणि फ्रिजमधला डबा घेऊन परतले. आत धुऊन, निवडून ठेवलेल्या कोवळ्या दूर्वा. डबा कुणाचा, हे गुरुजींनी विचारलं नाही.

आरतीनंतर बायकोनं मोदक पुढे केला, तर समोरचे चपला घालत होते.

"नको वहिनी, दूर्वा शोधायला निघालोय. ते साहेबांचं जेवण होतं."

"अहो, आत्ताच आमच्या सगळ्या खाल्ल्या ना त्यांनी!" मी म्हणालो.

"ती न्याहारी होती हो," असं म्हणून ते छत्री उघडत पावसात गेलेसुद्धा.

मी त्यांच्या वाटचा मोदक उचलला आणि मागून ओरडलो, "सांभाळून जा!"