दोनदा वर केलेला हात

हे कुणाला दाखवायचं नाही. कागदावर उतरलं तर मलाच नीट कळेल असं वाटतं, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

मुलगी खालापूरला नववीत आहे, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. मुलींच्या संघाला शिकवायला कुणीतरी नेमायचं होतं. अर्ज दोनच आले. एक निवृत्त सर. खो-खो, कबड्डीचे संघ त्यांनी जन्मभर गावोगाव नेले, माझ्या नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलं. बास्केटबॉल मात्र ते कधी खेळले नाहीत. दुसरी दहिवलीची एक मुलगी. बावीस वर्षांची, कॉलेजच्या संघातून खेळलेली. पण शिकवलेलं कधीच नाही.

नवरा म्हणाला, "सर असले तर पोरीला अलिबागला सामन्याला पाठवीन. त्या पोरीच्या भरवशावर नाय. तिलाच सांभाळायला कुणीतरी पायजे."

मुलगी भांडी आपटत म्हणाली, "सरांनी आठवडाभर सराव घेतला ना, नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या. ते आले तर मी खेळणंच सोडते गं आई."

म्हणजे सर आले तर ती खेळणार नाही, आणि दहिवलीची आली तर बाप पोरीला पाठवणार नाही. आणि निवडायचं पालक समितीनं, तिच्यात मी.

समितीत आम्ही सातजण. बैठकीत सर आमच्यातच बसून चहा पीत होते. त्यांना बाहेर थांबा असं कोण म्हणणार? दहिवलीची मुलगी मात्र व्हरांड्यात उभी होती. अध्यक्ष म्हणाले, "सरांसाठी हात वर करा." सरांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा हात वर गेला. मग म्हणाले, "आता त्या मुलीसाठी." ती दारातून दिसत होती, फाइल छातीशी धरून. माझा हात पुन्हा वर.

अध्यक्षांनी मोजले. चार आणि चार.

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, आपण सातजण हाव ना? का चहावाल्यानं पण मत दिलं?"

सगळे हसले. शेजारची बाई मला कोपर मारून मोठ्यानं म्हणाली, "हिनं गं बाई, हिनं केला दोनदा!"

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, दोन्ही पंगतीत जेवलात व्हय? आता एक काय ते सांगा."

म्हणजे माझ्याशिवाय तीन आणि तीन होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सर, चेंडू हातात धरून किती पावलं टाकायची असतात?" घरात मुलगी सारखी त्यावरून बोलत असते.

सर म्हणाले, "ते काय, पुस्तकात बघून सांगतो की."

व्हरांड्यातून हळूच आवाज आला, "दोन, काकू."

सरांनी कप खाली ठेवला. देवाशपथ, मला त्यांना उघडं पाडायचं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दाराकडे बोट केलं, आणि ठरलं.

बाहेर आल्यावर त्या मुलीनं माझा हात धरला. "काकू, अलिबागला जाताना पेणला गाडी बदलायची का हो?"

मी तरी अलिबाग कुठं बघितलंय? "सरांना विचार," म्हणाले, आणि म्हणता म्हणता वाटलं, आता तिनं त्यांना कुठल्या तोंडानं विचारायचं?

सामन्याच्या संमतीपत्रावर आईची सही चालते. आज दुपारी मी ती केली. नवऱ्याला माहीत नाही. सरांच्या हाती मुलगी देताना मला भीती वाटली नसती, पण ते त्यांच्या अनुभवामुळे की नुसत्या ओळखीमुळे, हे अजून कळत नाही. आणि त्या दहिवलीच्या मुलीला खेळ येतो, म्हणून रस्ताही येईल का?

तो संमतीचा कागद दोनदा फाडायला घेतला, फाडला नाही. सकाळी मुलगी तो शाळेत नेणार आहे. नवरा सहाला कंपनीतून येईल. चप्पल काढायच्या आतच त्याला सांगून टाकते, नाहीतर माझ्यानं सांगणं होणार नाही.